जाडेभरडे मासे

दिवाळीची सुट्टी संपत आली की भीमाकाठची हवा बदलते. सकाळी पाण्यावर वाफ दिसू लागते. रब्बीची ज्वारी गुडघ्याला लागलेली असते, ऊसतोड टोळ्यांच्या गाड्या रस्त्यानं दिसू लागतात आणि उजनीच्या फुगवट्यावर गळ घेऊन बसणाऱ्यांची संख्या एकदम रोडावते. थंडीत मासा लागत नाही, असा सगळ्यांचा समज. मला मात्र गळाची खरी गोडी याच दिवसांत लागली.

मी उर्दू माध्यमाच्या हायस्कुलात शिक्षक आहे. बी. एड. झालो, नोकरी मिळाली आणि करमाळ्याच्या बाजूला येऊन राहिलो. माझे मामू इथलेच. एस. टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, आता निवृत्त आहेत. रविवारी फजरनंतर चहा होतो, पण मामू लगेच निघत नाहीत. "इतने सवेरे मछली भी रजाई में रैती," असं म्हणून ते दहा वाजेपर्यंत घरातच बसतात.

ही नुसती थट्टा नाही. माशाचं रक्त आपल्यासारखं गरम नसतं. पाणी जेवढं, तेवढंच त्याचं अंग. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, भूक मरते, हालचाल कमी होते. जूनमध्ये जो रोहू पेंडीच्या वासावर लांबून धावत येतो, तोच डिसेंबरात तोंडाशी आलेल्या घासाकडं बघत राहतो. चिलापीचं तर विचारूच नका. ती मूळची आफ्रिकेची, १९५२ साली भारतात आणलेली, उबेची सवय असलेली. आज उजनीत जाळं टाका, आधी तीच येते. पण गारठा पडला की तीही खोल पाण्यात दडून बसते.

म्हणून थंडीतला गळ वेगळा लागतो. पावसाळा सरताना पाणी गढूळ असतं, तेव्हा जाड तंगूसही चालतं. दिवाळीनंतर पाणी निवळतं आणि माशाला दोरा दिसतो. मग बारीक तंगूस घ्यावं लागतं. गळ लहान, शिसं हलकं. आमिष म्हणून अख्खं गांडूळ नको, अर्धंच पुरे. कणकेची गोळी हरभऱ्याएवढी नको, ज्वारीच्या दाण्याएवढी हवी. ऑक्टोबरात मूठभर पेंड फेकून मासा गोळा करायचा, तर आता चिमूटभरच टाकायची, कारण पोट भरलं की तो गळाकडं वळतच नाही. जागाही बदलते. वारा अडेल, ऊन पडेल आणि काठाजवळच खोल पाणी मिळेल असा कोपरा शोधायचा. दहा ते तीन एवढाच खरा वेळ.

सगळ्यात अवघड काम तरंगणाऱ्या काडीकडं बघण्याचं. मामू मोराच्या पिसाचा देठ वापरतात. पावसाळ्यात मासा लागला की काडी गप्पकन पाण्याखाली जाते, आंधळ्यालाही कळावं. थंडीत ती बुडत नाही. जरा थरथरते, एखादा बोटभर सरकते, कधी नुसती आडवी होते. तेवढ्यावरून खाली काय चाललंय ते ओळखायचं.

मामूंचा एक नियम आहे. पाण्यावर मरून तरंगणारा मासा उचलायचा नाही, कितीही ताजा दिसला तरी. मासा जिबह करावा लागत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण आपोआप मरून वर आलेला मासा खाऊ नये असं आमच्या हनफी मसलकात सांगितलं आहे. कोकणातल्या आपल्या शाफई भावांकडं तशी अट नाही. मला यात मसल्याबरोबर पाण्याचं शहाणपणही दिसतं. थंडीच्या रात्री वरचं पाणी गार होऊन जड होतं आणि खाली जातं. तळाचं कुजकं, प्राणवायू नसलेलं पाणी वर येतं. धरणात अशी उलथापालथ झाली की कधीकधी मासे गुदमरतात. त्यात पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून आणि भीमेतून शेवटी इथंच येतं. मेलेला मासा कशानं मेला हे कोण सांगणार? जिवंत मासा गळाला लागला म्हणजे निदान तो आजवर जगला, एवढी तरी खात्री.

उजनीची भीती मात्र प्रत्येकाला असायला हवी. २०२४च्या मे महिन्यात कुगावहून कळाशीकडं निघालेली बोट वाऱ्यात उलटली आणि सहा जण गेले. तेव्हापासून आमच्या घरात एक अट आहे: बसायचं ते काठावर, होडीत पाय ठेवायचा नाही. धरण १९८० साली पूर्ण झालं. ११७ टीएमसीच्या आसपास पाणी मावतं. त्याखाली गावं आहेत, मळे आहेत, पळसदेवचं जुनं देऊळ आहे. पाणी फार ओसरलं की देऊळ बाहेर येतं. मामू बोट दाखवून सांगतात, तिथं अमक्याचा वाडा होता, तिथं पिराचा उरूस भरायचा. तिथं आता फक्त पाणी दिसतं.

या छंदाला विलायतेत एक मजेशीर नाव आहे, कोर्स फिशिंग. सॅमन आणि ट्राउट हे तिथले खानदानी मासे. ते सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे सगळे 'कोर्स', म्हणजे जाडेभरडे. तिथंही नियम आहेत. विणीच्या काळात नद्या बंद असतात आणि १६ जूनला हंगाम उघडतो. पाण्यात पानगळ पडू लागली की लोक खोल डोह शोधतात, आमिष लहान करतात आणि पाईक नावाच्या शिकारी माशाच्या मागं लागतात. आयझॅक वॉल्टननं १६५३ साली गळावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. ते आजही छापलं जातं. पण त्याच्याही पाचशे वर्षं आधी, इ. स. ११२९च्या सुमारास, आपल्या शेजारच्या कल्याणीत, म्हणजे आजच्या बसवकल्याणात, चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथात मासेमारीच्या करमणुकीवर प्रकरण लिहून ठेवलंय. कुठला मासा कसा असतो, दोरी कशाची, काठी कशी, कोणाला कुठलं आमिष, सगळं. राजाला खायला मिळत नव्हतं म्हणून तो काठावर बसत नव्हता. तरी त्यानं आमिषाची माहिती लिहिण्यात कमीपणा मानला नाही.

हे सगळं मी सांगतोय, कारण गेल्या हिवाळ्यात मला त्याची गरज पडली.

शिक्षकाच्या वर्षात दोन तारखा महत्त्वाच्या. एक निकालाची, दुसरी ३० सप्टेंबर. त्या दिवशीच्या पटावर संचमान्यता होते, आणि त्यावर कुणाची जागा राहील आणि कोण अतिरिक्त ठरेल ते ठरतं. आमच्या आठवीचा पट आधीच्या वर्षापेक्षा कमी भरला. काही मुलं सेमी-इंग्रजीला गेली, एक कुटुंब पुण्याला गेलं. म्हणून एकेक मूल आम्हाला मोलाचं. यात मुलाचं हित किती आणि आमच्या नोकरीची काळजी किती, असा हिशेब कुणी मागितला तर मी म्हणेन, दोन्ही आहे.

त्या आठवीत एक मुलगा होता. बाप आठवडी बाजारात मासे विकतो. 'मेरा पसंदीदा मशगला' या विषयावर त्यानं मजमून लिहिला. गळ, गांडूळ, मरळ, वाम सगळं त्यात होतं. "मरल कू हवा लगती, इसलिये उने पानी के उप्पर आको सांस लेती," असं एक वाक्य होतं. शंभर टक्के खरं वाक्य. मरळ खरोखरच वर येऊन हवेतला श्वास घेते. हे विज्ञानाच्या पुस्तकात नसलेलं त्यानं स्वतः बघून लिहिलं होतं.

शाळेत एक पाहुणे आले होते. मुलांना वाचायला लावलं. याची पाळी आली. चार ओळी ऐकून ते हसत म्हणाले, "बेटा, ये उर्दू है या मछली बाज़ार?" वर्ग हसला. पाहुणे वाईट मनाचे नव्हते, गंमत केली असावी. पण ज्याचा बाप खरोखर मासळी बाजारात बसतो, त्याला ती गंमत कशी लागली असेल? सोमवारी मुलगा आला नाही. बुधवारीही नाही. मी घरी गेलो तर बाप म्हणाला, "सर, उसकू जाल का काम सिखाता मैं. पढ़को क्या करता उने?"

तिथं मी वाद घातला नाही. बापाचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. दहावी होऊन बसलेली पोरं त्याच्या गल्लीतच होती.

रविवारी तो मुलगा मला पाण्यावर भेटला. मामूंनी त्याला बोलावून शेजारी बसवलं. बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग त्यानंच माझा गळ बघितला आणि म्हणाला, "सर, ये बड़ा हो रा. ठंड में इत्ता बड़ा नै लगता." त्यानं आपल्या डबीतला लहान गळ काढून माझ्या तंगूसला बांधला. गाठ अशी मारली की मला ती दोनदा बघूनही कळली नाही.

मी त्याला कल्याणीच्या राजाची गोष्ट सांगितली. तो काडीवरची नजर न काढता ऐकत होता.

"बादशाह कू भी गांडूल लगता था क्या, सर?"

"काय काय लागायचं ते सगळं लिहिलंय त्यानं."

"बाज़ार की ज़बान में?"

हा प्रश्न त्यानं का विचारला ते मला कळलं. राजानं संस्कृतात लिहिलं, हे मी त्याला खरं खरं सांगितलं. पण दुसरंही सांगितलं. मुल्ला वजहीनं गोवळकोंड्यात 'सबरस' लिहिलं ते १६३५ साली, आणि ते दखनीत. दिल्लीचे मोठमोठे शायर फारसीत लिहीत होते, तेव्हा आपल्या दखनची ही बोली विजापूर आणि गोवळकोंड्याच्या दरबारात पुस्तकं लिहीत होती. सोलापूर तर आदिलशाहीतलंच. आज जिला गावठी म्हणून हसतात, ती उर्दूची थोरली बहीण आहे. तिचा मान ठेवून शाळेची उर्दू शिकायची. शिकायची तर आहेच. परीक्षेत 'कू' आणि 'नै' चालत नाही, नोकरीच्या अर्जातही नाही. पण एक शिकताना दुसरीची लाज कशाला?

मुलगा काही बोलला नाही. मामू म्हणाले, "सुन ले, मास्टर झूट नै बोलते." त्या दिवशी आम्हाला दोनच मासे मिळाले, दोन्ही बेताचे. एक त्यानं नेला.

गुरुवारी तो शाळेत आला. मी त्याला तोच मजमून पुन्हा लिहायला सांगितला नाही. वर्गाला एक काम दिलं: कागदावर तीन रकाने आखायचे. पहिल्यात मराठी शब्द, दुसऱ्यात घरचा दखनी, तिसऱ्यात किताबी उर्दू. विषय पाण्याचा. गळ, काटा. आमिष, चारा. दोरी, डोर. ज्या पोरांनी हसण्यात भाग घेतला होता, ती आता त्याच्या बाकाभोवती उभी राहून "वाम कू क्या बोलते रे?" असं विचारत होती. विटा भाजणाऱ्याच्या मुलीनं भट्टीचा तक्ता करायचा ठरवला, शिंप्याच्या मुलानं शिलाईचा.

तो मुलगा दहावीपर्यंत टिकेल का, हे मला सांगता येत नाही. मार्चमध्ये बापाला हात कमी पडले की काय होतं ते मी आधी पाहिलंय. आमची तुकडी टिकेल का, तेही पुढचा ३० सप्टेंबर ठरवेल. तो नववीत आलाय आणि बहुतेक दिवस येतो, एवढं खरं.

माशांचा तक्ता वर्गाच्या भिंतीवर आहे. त्यातला तिसरा रकाना अजून पूर्ण भरलेला नाही. पाण्यावर तरंगणाऱ्या त्या काडीला मुलांच्या उर्दू पुस्तकांत शब्द सापडत नाही आणि मरळला पुस्तकात नुसतं 'मछली' म्हणून भागवलेलं असतं. या अंकाच्या वाचकांत उर्दू जाणणारे पुष्कळ आहेत, मासे पकडणारेही असतील. कुणाला शब्द ठाऊक असतील तर आपापल्या गावच्या उर्दू शाळेत जाऊन सांगावेत. तिथंही असा एखादा रिकामा रकाना असेलच.