कारंजा, पण घाडगे!

आधी एक गोष्ट क्लिअर करू. मॅपवर नुसतं ‘कारंजा’ टाकलंत आणि गाडी काढलीत, तर तुम्ही भलतीकडेच पोहोचण्याचा चान्स आहे. एक कारंजा वाशिम जिल्ह्यात. ते कारंजा लाड, नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान. आपल्याला जायचंय दुसरीकडे, वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा घाडगेला. एसटीच्या पाट्यांपासून सरकारी कागदांपर्यंत सगळीकडे ते ‘घाडगे’ कंसात बसलेलं असतं. गावाचं आडनावच म्हणा ना!

नागपूर-अमरावती हायवेवर, साधारण अर्ध्या वाटेवर हे गाव लागतं. पूर्वीचा सहा नंबरचा नॅशनल हायवे, आताचा 53. कोंढाळी मागे पडलं, घाटाची वळणं संपली की दोन्ही बाजूंना संत्र्याच्या बागा दिसू लागतात. आंबिया बहाराचं फळ दिवाळीच्या आगेमागे तोडणीला येतं, मृगाचं फेब्रुवारीनंतर. त्या दिवसांत इथे फिरणं म्हणजे फुल टू नारिंगी ट्रीटमेंट. पण बागवाल्यासमोर ‘वॉव, किती ब्युटिफुल’ वगैरे फार करू नका. फळगळ झाली की त्याचं वर्षभराचं गणित याच झाडाखाली पडलेलं असतं.

टिपिकल टुरिस्ट स्पॉट शोधत असाल तर सॉरी. रेल्वे नाही, रिसॉर्टची रांग नाही. बोर व्याघ्र प्रकल्पाचं जंगल मात्र फार लांब नाही. आणि तालुक्यातलं हेटीकुंडी आहे. तिथे गौळाऊ गाईंचं सरकारी पैदास केंद्र आहे. पांढरी, सडपातळ, चपळ अशी ही वर्ध्याकडची खास जात. मराठ्यांच्या फौजांचं सामान पळवत नेणारे बैल याच जातीचे, असं सांगितलं जातं. चहाच्या टपरीवर ‘कुठून आले जी?’ हा प्रश्न ठरलेला आहे, आणि तो विचारणाऱ्याला खरंच उत्तर हवं असतं.

मला कारंजा इंटरेस्टिंग वाटलं ते वेगळ्याच कारणासाठी. हे गाव कागदावर ‘शहर’ झालंय. 2014 साली राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींना नगरपंचायत करायचं ठरवलं, त्यात कारंजाही आलं. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले. ग्रामसेवकाच्या जागी मुख्याधिकारी. वॉर्ड झाले 17. प्रमोशनच की! पण या प्रमोशनमध्ये एक गोष्ट हातातून गेली, ती म्हणजे ग्रामसभा.

ग्रामसभा म्हणजे गावातल्या प्रत्येक मतदाराला उभं राहून ‘हा पैसा कुठे गेला?’ विचारायचा घटनेने दिलेला हक्क. शहरासाठी घटनेत तशी सभा नाही. 74व्या दुरुस्तीने वॉर्ड समित्या आणल्या, पण त्या सक्तीच्या आहेत तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या शहरांना. कारंजासारखं गाव मधल्यामध्ये लटकलं. गाव म्हणून असलेला हक्क सुटला आणि शहर म्हणून मिळायला हवा तो पोहोचलाच नाही.

आणि शहर तरी एकटं कुठे जगतं? कारंजाचा बाजार, शाळा, दवाखाने, खताची दुकानं चालतात ती आजूबाजूच्या खेड्यांवर. पण गावाची हद्द संपली की कारभार पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेचा. पाणी एकाच पट्ट्यातलं, रस्ता एकच, हिशेब मात्र वेगळे. साधा आमदारही कारंजाचा स्वतंत्र नाही. आर्वी मतदारसंघात आर्वी, आष्टी आणि कारंजा हे तीन तालुके एकत्र आहेत.

आता जरा ब्रसेल्सला जाऊ. युरोपियन युनियनमध्ये ‘कमिटी ऑफ द रीजन्स’ आहे, 1994पासून. 329 मेंबर्स, सगळे आपापल्या शहरातले किंवा प्रांतातले निवडून आलेले, नाहीतर निवडून आलेल्या सभेला जबाबदार असलेले. शहरं आणि प्रांतांशी संबंधित विषयांवर कायदा करताना त्यांचं मत विचारावंच लागतं. मानायचं की नाही, हे मात्र वरच्यांच्या हातात. तिथेही मेयर मंडळींची तक्रार हीच, की आमचं ऐकून घेता, पण धरत नाही.

आपल्याकडे हे काम निदान जिल्ह्यापुरतं करायला जिल्हा नियोजन समिती आहे. शहर आणि खेडी यांचे आराखडे एकत्र करायचे, पाणीवाटपासारख्या सामाईक विषयांचा विचार करायचा, हे घटनेतच लिहिलंय. किमान चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून आलेले हवेत. ऐकायला ब्रसेल्सपेक्षा भारी! प्रॅक्टिकली खुर्चीवर पालकमंत्री. त्यात 2022च्या मार्चमध्ये वर्धा जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि पुढे प्रशासक बसले. जिथून सदस्य निवडून यायचे, ती सभाच रिकामी.

आता मजा बघा. कारंजाची निवडणूक 21 डिसेंबर 2021 आणि 18 जानेवारी 2022 अशा दोन टप्प्यांत झाली. 19 जानेवारीला निकाल लागला, 17 नगरसेवक कामाला लागले. दोनच महिन्यांत मुंबई, पुणे, नागपूर या महापालिकांची मुदत संपली आणि तिथे प्रशासक आले. पुढची निवडणूक थेट 15 जानेवारी 2026ला. म्हणजे जवळपास चार वर्षं, तुमच्या एसी ऑफिसच्या खालचा खड्डा कुणाला दाखवायचा हे तुम्हाला माहीत नव्हतं, आणि कारंजाच्या माणसाला मात्र आपल्या नगरसेवकाचं घर माहीत होतं. ‘छोटं गाव’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवावं.

जायचं असेल तर नागपूरहून सकाळी लवकर निघा, अमरावतीकडची कुठलीही एसटी चालेल. ‘समृद्धी’ घेऊ नका, ती खालून, सेलू-आर्वीच्या बाजूने जाते आणि कारंजाला टाळते. संत्री घ्यायची तर डझनाचा भाव विचारा, आणि सोबत त्याला यंदा बागेला पाणी किती मिळालं, तेही विचारा. चांगला अर्धा तास जाईल.