पाण्याची वहिवाट

सह्याद्रीच्या माथ्यावर आपले बहुतेक धन उधळून आलेला नैर्ऋत्येचा मेघ बालाघाटाच्या पठारावर पोहोचतो, तेव्हा त्याच्यापाशी देण्यासारखे फार थोडे उरलेले असते. बीड जिल्ह्याच्या वाट्याला वर्षाकाठी सरासरीने साडेसहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस येतो, आणि आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या पश्चिमेकडील तालुक्यांत तेवढ्याचीही शाश्वती नसते. ज्या भूमीने १९७२ चा दुष्काळ सोसला, जिच्या वस्त्या-तांड्यांवरून दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर ऊसतोड करणारी कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे निघतात, त्या भूमीवर कोणी पावसाला आत येण्याची मनाई करावी, हे प्रथमदर्शनी कृतघ्नपणाचे भासेल. तथापि ज्याच्या अंगणात कापडी टपाची जुनी जीप उभी आहे, त्याला मृगाच्या आधी हा प्रश्न मनाशी सोडवावाच लागतो. आणि तो सोडवताना मला हळूहळू असे उमगत गेले की, गळती थांबवणे म्हणजे पाण्याशी वैर धरणे नव्हे. पाण्याला त्याची वाट नेमून देणे, आणि नेमून दिलेली ती वाट वर्षानुवर्षे मोकळी राखणे, हेच या कामाचे खरे स्वरूप आहे.

जीप ही मुळात छपराची गाडीच नव्हे. दुसऱ्या महायुद्धाच्या धुमश्चक्रीत, १९४१ पासून, अमेरिकेतील विलिस कंपनीने ती मोठ्या संख्येने बांधली ती सैनिकांसाठी; समोरची काच पुढे बॉनेटवर आडवी पाडता यावी, लोखंडी कमानी उतरवून टपाची घडी मागे ठेवता यावी, आणि भिजलीच तर तळाच्या भोकांतून पाणी खाली जाऊन ती पुन्हा कोरडी व्हावी, एवढीच तिच्या रचनाकारांची अपेक्षा होती. १९४५ मध्ये महिंद्र अँड मोहम्मद या नावाने स्थापन झालेली आणि १९४८ मध्ये महिंद्र अँड महिंद्र झालेली कंपनी मुंबईत ही गाडी जोडू लागली. त्याच १९४८ च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, आणि निजामाच्या अमदानीतून बाहेर पडलेल्या आमच्या मुलखात नव्या राज्ययंत्रणेची चाके फिरू लागली. पुढील दशकांत कच्च्या रस्त्यांवरून गावोगाव पोहोचणाऱ्या सरकारी दप्तराचे, लसटोचणीच्या पथकाचे, निवडणुकीच्या पेट्यांचे वाहन म्हणून लोकांनी जीपच ओळखली. कचेऱ्यांनी वापरून लिलावात काढलेल्या त्या जीपा मग शेतकऱ्यांकडे, ठेकेदारांकडे, वडापवाल्यांकडे गेल्या. आणि ज्या गाडीला भिजण्याचे वावडे नव्हते, तिच्यात आता नवऱ्या-करवल्या, बियाण्यांच्या थैल्या आणि शाळेचे दाखले यांचा प्रवास सुरू झाला. गळतीचा प्रश्न खरोखर तेव्हा जन्माला आला.

या प्रश्नात जीप एकटी नाही. पावसाळी इंग्लंडमध्ये कापडी टपाच्या चपळ क्रीडागाड्यांची जी परंपरा वाढली, तिच्यातील एमजीसारख्या गाड्यांचे मालक पिढ्यान्पिढ्या हेच दुखणे जपत आले आहेत. त्याच परंपरेच्या प्रेमातून जपानच्या माझदा कंपनीने १९८९ मध्ये जी एमएक्स-५ ही दुआसनी गाडी काढली, तिच्यात टपावरून मागे ओघळणारे पाणी आसनांमागील दोन नळ्यांतून खाली सोडण्याची योजना केलेली होती. त्या नळ्या पालापाचोळ्याने तुंबल्या, की तेच पाणी मागे फिरून गालिच्यात मुरते. मालक मात्र नव्या टपाच्या किमतीची विचारपूस करत हिंडतो. आपल्या गोव्यातही विसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन स्टॉर्म नावाची, फायबरच्या देहाची आणि कापडी टपाची एक छोटी गाडी तयार होत असे. कोकणपट्टीच्या पावसात अशी गाडी राखणे आणि बालाघाटावर जुनी जीप राखणे या दोहोंत पावसाच्या मानाचा भेद असेल. पाण्याच्या स्वभावात मात्र तिळमात्र अंतर नाही.

तो स्वभाव असा, की पाणी शिरते एका ठिकाणी आणि प्रकट होते दुसऱ्याच ठिकाणी. चालकाच्या गुडघ्यावर पडणारा थेंब गुडघ्याच्या वरून आलेला असतोच असे नाही. तो काचेच्या चौकटीच्या वरच्या कडेला, जिथे टपाची किनार लोखंडी पन्हळीत अडकवलेली असते तिथे शिरतो, पृष्ठताणामुळे लोखंडाला बिलगून कमानीच्या पोटाने चालत राहतो, आणि जिथे एखादे वळण, एखादा स्क्रू किंवा रंगाचा एखादा उंचवटा त्याची चाल मोडतो तिथेच तो खाली पडतो. दोन पृष्ठभागांतील केसाएवढ्या फटीतून तर केशाकर्षणाने तो वरच्या दिशेनेही चढतो. त्यात वाऱ्याचा हात असतो तो वेगळाच. गाडी वेगाने धावू लागली की टपावरून वाहणाऱ्या हवेचा दाब कमी होऊन कापड फुगते, किनार उचलली जाते. उलट काचेच्या पायथ्याशी वाऱ्याचा दाब वाढून सूक्ष्मातल्या सूक्ष्म छिद्रातून पाणी आत रेटले जाते. रात्रभर अंगणात पाऊस झेलून कोरडी राहिलेली जीप मांजरसुंब्याच्या घाटात पाऊण तासात तळापर्यंत ओली होते, याचे कारण हेच. म्हणूनच जिथे थेंब दिसला तिथे सिलिकॉनची नळी पिळणे हा उपाय सर्वांत सुलभ असला, तरी सर्वांत घातकही तोच आहे. त्याने पाण्याचे आगमन थांबत नाही, फक्त त्याचे प्रकटीकरण लांबते, आणि मधल्या काळात ते मॅटखाली साचून पत्रा कुरतडत राहते.

या कामात तपास आधी आणि इलाज नंतर, हा क्रम मोडून चालत नाही. गाडी प्रथम पूर्ण कोरडी करावी, मॅट आणि गाद्या बाहेर काढाव्यात. एकाने बॅटरी घेऊन आत बसावे आणि दुसऱ्याने नळीचे पाणी बेताच्या धारेने, तळाकडून माथ्याकडे, एकेक हात वर सरकत सोडावे. वरून आरंभ केला, तर सगळीकडून एकदम ओघळणाऱ्या पाण्यात खरे छिद्र कोणते आणि खोटे कोणते हे कळण्याचा मार्गच उरत नाही. खालून वर जाताना मात्र ज्या क्षणी आत पहिली ओल चमकते, त्या क्षणी तिचे उगमस्थान बाहेरच्या माणसाच्या हातासमोर असते. रबराची परीक्षा खडूने करावी: रबरावर खडू फिरवून दार लावावे आणि उघडावे, समोरच्या लोखंडावर जिथे पांढरी रेघ उमटली नाही, तिथे रबर आणि लोखंड यांची भेटच होत नाही असे समजावे. दारात कागदाची पट्टी धरून ती ओढून पाहिल्यासही तोच निवाडा मिळतो. कित्येकदा असे आढळते की रबर निर्दोष असून बिजागरी झिजल्यामुळे दारच खाली उतरले आहे, आणि मग नव्या रबराचा खर्च न करता बिजागरीचे काम केल्यानेच दाराची फट मिटते.

टपाची गोष्ट याहून नाजूक. जुन्या टपांना लागणारे जाड सुती कापड पावसात भिजले की त्याचे तंतू फुगतात आणि विणीतील रंध्रे आपोआप मिटतात. पहिल्या सरीत किंचित पाझरणारा टप पुढे स्थिर होतो तो यामुळे. परंतु ओल्या कापडाला आतून बोट किंवा सामान टेकले, की त्या स्पर्शाच्या जागी पाणी ओढले जाऊन ठिबकू लागते. म्हणून कमानींवर कापड ताणलेले असावे, त्याला झोळ नसावा, आणि आतील माणसांनी त्याला स्पर्श करू नये. सुती कापडाला जलरोधक करण्याची एक जुनी रीत अशी, की ते प्रथम साबणाच्या द्रावणात भिजवावे आणि मग तुरटीच्या पाण्यातून काढावे. दोहोंच्या संयोगाने धाग्यांच्या अंतरंगात पाण्यात न विरघळणारा एक साबण तयार होतो, आणि पावसाचा थेंब कापडात न शिरता त्याच्यावरून घरंगळून जातो. पुढे रेग्झिनचे टप आले. रेग्झिनच्या अंगातून पाणी जात नाही हे खरे, पण शिवणीच्या प्रत्येक टाक्याबरोबर सुईने त्याला एक छिद्र पाडलेले असते, आणि ते छिद्र सुताप्रमाणे फुगून मिटत नाही. इथे कुशनवाल्याचे कसब कसाला लागते. सुई बारीक आणि दोरा जाड असावा, दोरा मेणातून ओढलेला असावा, शिवणीची घडी उताराच्या दिशेने खाली वळलेली असावी, आणि आतल्या बाजूने शिवणीवर पट्टी चिकटवलेली असावी, एवढी पथ्ये जो कारागीर पाळतो, त्याची मजुरी देताना घासाघीस करू नये. त्याने कापडाला केवळ शिवलेले नसते. पुढच्या कित्येक पावसाळ्यांचा विचार त्या टाक्यांत घातलेला असतो.

परंतु या सर्वांहून मोलाची, आणि सर्वांत अधिक दुर्लक्षित राहणारी गोष्ट म्हणजे निर्गमाची वाट. दाराच्या पोटात, काचेच्या चौकटीच्या कोपऱ्यांत, आसनाखालच्या पत्र्यात आणि तळात जी लहान भोके कारखान्याने मुद्दाम ठेवलेली असतात, ती उन्हाळ्याच्या वावटळीत उडालेल्या मातीने, कडुनिंबाच्या पानांनी, मागच्या रंगकामाच्या लांबीने बुजून जातात. कधी कधी तर गळती थांबवण्याच्या उत्साहात मालक स्वतःच ती बंद करतो. रचनाकाराने मात्र हे आधीच मान्य केलेले होते, की थोडे पाणी आत येणारच. त्याने विश्वास ठेवला तो आलेले पाणी त्वरेने बाहेर जाण्यावर. एक तार, एक फुंकर आणि तांब्याभर पाणी एवढ्या साधनांनी ही वहिवाट मोकळी होते. आणि ती मोकळी झाली, की अर्धी तक्रार टपाला हात न लावताच निकालात निघते.

मराठवाड्याच्या माणसाला हे शहाणपण नवे वाटू नये, कारण आमच्या वाडवडिलांनी ते आपल्या डोक्यावरच बांधून ठेवले होते. लाकडी तुळयांवर फळ्या किंवा काटक्या, त्यावर मातीचे थर आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा लेप, असे आमचे माळवद. खाऱ्या मातीत तण सहसा रुजत नाही, आणि ओली झाली की ती फुगून आपली छिद्रे स्वतःच मिटवते. मृगापूर्वी घरातील कर्ता माणूस माळवदावर चढे, भेगा बुजवी, उगवलेले खुरटे गवत मुळासकट उपटी, साणे झाकी, आणि शेवटी, सर्वांत काळजीपूर्वक, पन्हाळ साफ करी. सपाट दिसणाऱ्या त्या छतालाही पन्हाळीकडे एक अस्पष्ट उतार दिलेला असे. कोणी माळवद अभेद्य करण्याचा हट्ट धरला नाही. त्यावर पडलेले पाणी तिथे रेंगाळू नये, एवढीच दक्षता घेतली. जीपच्या टपाखाली वाकून कमानींचा उतार पाहताना मला ते माळवद आठवते, आणि वाटते की यंत्र परदेशातून आले, तरी ते राखण्याची विद्या या घरांना पूर्वीपासून अवगत होती.

ही विद्या एका घरापुरतीही नव्हती. बीड शहराबाहेरची खजाना विहीर, जी निजामशाहीच्या काळात सलाबतखानाच्या पुढाकाराने बांधली गेली, ती भूमिगत मार्गांनी पाणी शेतांकडे नेते. कोणत्याही मोटेवाचून, केवळ उताराच्या आधाराने. शहरातील कंकालेश्वराचे मंदिर तर चोहोबाजूंनी जलाने वेढलेल्या कुंडातच उभे आहे. पाण्याच्या सान्निध्याचे भय न बाळगता, त्याची मर्यादा ओळखून कसे उभे राहावे याचे ते पाषाणरूप उदाहरण होय. आणि ही मर्यादा विस्मृतीत गेली म्हणजे काय घडते, तेही या शहराने पाहिले आहे: एरवी वाळूतून क्षीण धारेने वाहणाऱ्या बिंदुसरेला १९८९ च्या जुलैत जो पूर आला, त्याने काठच्या वस्त्या धुऊन नेल्या आणि माणसांचे प्राण घेतले. वर्षातील दहा महिने नदीचे पात्र रिकामे दिसले, म्हणून त्यावरील तिचा हक्क बुडत नाही. टपाच्या चार टाक्यांची आणि त्या महापुराची तुलना करण्याचे धाडस मी करणार नाही. परंतु कोरड्या मुलखातील माणसाला पाण्याची वाट विसरण्याचा मोह अधिक होतो, आणि पाणी ती कधीच विसरत नाही, हे दोन्हीकडे सारखेच सत्य आहे.

नीट केलेल्या टपाखाली बसून घाट चढताना जो आनंद होतो, तो बंद मोटारीतील आनंदाहून भिन्न आहे. बंद मोटारीत पाऊस काचेबाहेरचे एक दृश्य होऊन राहतो. इथे तो हातभर अंतरावर कापडावर वाजतो, सर वाढली की स्वर वाढतो, झाडाखालून जाताना थबकतो, दरीच्या वळणावर तिरपा होतो, आणि भिजलेल्या काळ्या मातीचा गंध कोणत्याही आडकाठीवाचून आत येतो. ज्या मुलखात पावसाची वाट पाहण्यात आयुष्ये जातात, तिथे तो आल्यावर त्याच्या इतके निकट बसता यावे आणि तरीही मांडीवरची बियाण्याची थैली कोरडी राहावी, यासारखे सुख मला तरी अन्यत्र मिळालेले नाही. पाऊस बाहेर ठेवण्यासाठी पत्र्याची बंद गाडी केव्हाही घेता आली असती. जुना टप जपायचा तो त्याच्याशी असलेला हा शेजार सुटू नये म्हणून.

मात्र हे सुख कायमच्या मालकीचे नसते. रबर उन्हाने पुन्हा कडक होते, मेण झिजते, भोकांत पुन्हा माती बसते. बीडच्या उन्हाळ्यात चार महिने तापलेले कापड आषाढात आपले पूर्वीचे वचन पाळीलच असे नाही. कोणी एकदाच करून मोकळे होता येईल असा इलाज मागत असेल, तर तो या गाडीत नाही, माळवदात नव्हता, आणि नदीकाठच्या शहरालाही तो लाभणार नाही. रोहिणी सरता सरता खडू, तार, मेणाचा दोरा आणि पाण्याची नळी घेऊन टपाखाली बसणे हा या जमिनीवर राहणाऱ्या माणसाने पावसाला देण्याचा वार्षिक सारा आहे. तो वेळेवर भरावा, थकबाकी ठेवू नये, आणि ज्याने तो भरला आहे त्याने मग निःशंक मनाने आभाळाकडे पाहून म्हणावे की, यंदा भरपूर ये.