तेरेजाचा रहाट

आमच्या वसईच्या वाडीत विहिरीवर रहाट होता. डोळ्यांना झापड बांधलेला रेडा गोल फिरायचा, माळेतली गाडगी रिकामी खाली जायची, भरून वर यायची. बरंच पाणी वाटेतच सांडायचं. उरलेलं पन्हळीतून पाटात, पाटातून केळीच्या आळ्यात. एक आळं भरलं की आजोबा फावड्याने मातीचा बांध घालून पाणी पुढच्या आळ्याकडे वळवायचे. पाट कुठे फुटत नाही ना, हे बघायला आम्ही पोरं.

कॉलेजात असताना आविलाच्या संत तेरेजाचं आत्मचरित्र वाचायला घेतलं आणि अकराव्या प्रकरणाशी थबकले. सोळाव्या शतकातली स्पेनची ही कार्मेलीय संन्यासिनी प्रार्थना समजावून सांगते आहे, आणि सांगता सांगता रहाटावर येते! माणसाचं अंतःकरण ही देवाची बाग. तिला चार तऱ्हांनी पाणी मिळतं: विहिरीतून हाताने शेंदून, रहाटाने, वाहत्या ओढ्याने आणि पावसाने. शेंदताना कष्ट सगळे माळ्याचे. पावसात सगळं देवाचं. रहाट मधला. मेहनत आहेच, पण थोडक्या श्रमात पाणी जास्त. हे मला कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

पुढे आई अंथरुणाला खिळली. तिच्या उशाशी बसून रोझरी म्हणायचे. मणी बोटांतून सरकायचे आणि आत काही म्हणजे काही हलायचं नाही. त्या दिवसांत ते प्रकरण पुन्हा काढलं. पोहरा कोरडा वर आला, विहीरच आटली, तरी माळ्याने आपलं काम सोडू नये. पाण्याविना फुलं जगवणं धन्याच्या हाती आहे, असं तेरेजा सांगते. हे तिचं ऐकीव ज्ञान नव्हे. विसाव्या वर्षी, 1535 मध्ये, ती मठात गेली. त्यानंतर कित्येक वर्षं पुस्तक हाताशी नसेल तर प्रार्थनेला बसायचा तिला धीर होत नसे. कधी कधी तर तास संपल्याचे ठोके केव्हा पडतात, इकडेच तिचे कान लागलेले. एका संताने हे लिहून ठेवावं, याचं मला फार मोल वाटतं. आईच्या खोलीत मला त्यानेच बसवून ठेवलं.

तेरेजाच्या त्या आत्मचरित्राच्या हस्तलिखिताची वाट सोपी नव्हती. ते इन्क्विझिशनच्या, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाच्या, ताब्यात गेलं. 1577 मध्ये तिने ‘आंतरिक किल्ला’ लिहिला तेव्हाही ते तिथेच होतं. छापून आलं 1588 मध्ये, ती जाऊन सहा वर्षं झाल्यावर. आणि ही बाई, दुखणाईत शरीर खेचरांच्या गाडीत घालून, 17 मठ उभे करत स्पेनभर फिरत होती.

आमचा रहाट मोडीत निघाला. आधी पंप आला. मग टँकर वसईचं गोडं पाणी उपसून नेऊ लागले आणि विहिरी मचूळ झाल्या. केळी गेल्या. ते दुःख मला अजून आहे.

चर्चमधली तरुण मुलं तेरेजाबद्दल विचारतात ते तिला दर्शनात दिसलेल्या देवदूताच्या भाल्याविषयी. शिल्पकार बेर्निनीने संगमरवरात घडवलेलं ते दृश्य त्यांनी मोबाइलवर पाहिलेलं असतं. ते एकोणतिसाव्या प्रकरणात आहे. मी म्हणते, बाळांनो, आधी अकरावं वाचा. मग रहाट म्हणजे काय, तेही सांगावं लागतं. आणि प्रार्थनेत आपल्याला काहीच वाटत नाही, असं हळूच सांगायला कुणी येतं, त्याला तर ते प्रकरण मी जवळ बसवून वाचून दाखवते.