पत्र्याखालचा पावसाळा

परसातली अडगळीची खोली बारा महिने कामाला वापरायची म्हटलं, की थंड देशांतल्या माणसाला आधी थंडी आठवते. माथेरानात डिसेंबर-जानेवारीच्या पहाटेला एक स्वेटर पुरतो. इथे झुंज द्यावी लागते ती ओलीशी. सुमारे ८०० मीटर उंचीच्या या डोंगरमाथ्यावर जून ते सप्टेंबर नैर्ऋत्येचा पाऊस आडवा मारतो, धुकं उघड्या खिडकीतून न विचारता आत येतं. त्यात माझा धंदा चामड्याचा. चपला चार दिवस कोपऱ्यात राहिल्या, की अंगठ्यावर पांढरा बुरा धरतो. रापीला गंज चढतो तो वेगळाच.

२००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर झालं. तेव्हापासून नवं बांधकाम ही इथे सहज होणारी गोष्ट नाही. उभं आहे तेच शहाणं करून घ्यायचं. माझ्या वाट्याला आलेली खोली जांभ्या चिऱ्याची, वर साधा पत्रा. एप्रिल-मेच्या दुपारी हा पत्रा वरून भाजतो आणि हिवाळ्यात रात्री गार पडला की पहाटे त्याला आतून घाम फुटतो. थेंब नेमका कापून ठेवलेल्या तळव्यावर पडतो. शिवाय माकडं. ती पत्र्यावर उतरली, की आतल्या माणसाच्या हातातली आरी थबकते.

उष्णता अडवण्याचं काम खरं तर कोंडलेली, स्थिर हवा करते. थर्माकोल, काचेची लोकर ही नुसती तिला धरून ठेवायची साधनं. त्या हवेच्या जागी पाणी शिरलं की सगळा हिशेब उलटतो, कारण स्थिर हवेपेक्षा पाणी वीस-पंचवीस पट उष्णता वाहून नेतं. भिजलेली लोकर छताला बांधणं म्हणजे ओली गोधडी पांघरून झोपणं. म्हणून मी लोकर टाळली आणि पाणी सहसा न पिणारा दोन इंची थर्माकोल घेतला. दस्तुरी नाक्यापुढे टेम्पो येत नाही. माल घोड्यावर नाहीतर हातगाडीवर चढतो. प्लायचे आठ बाय चारचे ताव त्यामुळे खालीच अर्धे करून आणले. अशा गावात सामान निवडताना ते चढणीवर कसं येईल, हेही पाहावं लागतं.

वाशांमध्ये थर्माकोल बसवला, पण पत्र्याला चिकटवला नाही. मध्ये चार बोटं जागा सोडली आणि आढ्यापाशी जाळी लावून वाट ठेवली, म्हणजे तापलेली हवा वरून निघून जाते आणि पत्र्याचा घाम तिथेच वाळतो. थर्माकोलच्या वरच्या अंगाला चकचकीत फॉइल लावलं. फॉइल पत्र्याची धग परतवतं, पण त्याच्यासमोर मोकळी हवा असली तरच. खाली प्लायचं छत आलं आणि पावसाचा ताशा बराच दबला.

भिंतींना मात्र मी काहीच चिकटवलं नाही. जांभा पाणी पितो, तसं सोडतोही. त्यावर प्लास्टिकचा रंग फासला की प्यालेलं पाणी आतच अडकतं आणि पापुद्रे सुटतात. आतून चुन्याचा गिलावा पुरे. पावसाच्या बाजूला भिंतीपासून वीतभर सोडून पत्र्यांचा आडोसा मे अखेरीस उभा करतो, ऑक्टोबरात उतरवतो. इथल्या जुन्या बंगल्यांचं उंच जोतं, रुंद व्हरांडे आणि लांब वळचणी हेच काम करत आल्या आहेत: पाऊस भिंतीपर्यंत पोहोचूच द्यायचा नाही.

तरीही जुलैत बाहेरची हवाच पाण्याने भरलेली असते. तेव्हा खिडकी उघडून काही वाळत नाही. उपाय थोड्या उबेचा. चोवीस अंशांची, ९५ टक्के दमट हवा अठ्ठावीस अंशांपर्यंत तापवली, की तिचा दमटपणा पंचाहत्तरच्या आसपास उतरतो आणि बुरशीचा जोर ओसरतो. चामड्याच्या कपाटात म्हणूनच मी जुना पिवळा दिवा जळता ठेवतो. एलईडी वीज वाचवतो, पण फारशी ऊब देत नाही. पूर्वी चुलीवरच्या माळ्यात बी-बियाणं कोरडं राहायचं, त्यामागेही ऊब आणि धूरच होता.

एवढं करूनही खोली सगळे महिने सारखी वागत नाही, आणि तिच्याकडून मी तशी अपेक्षाही ठेवत नाही. रंगकाम आणि तळवे चिकटवणं दसऱ्यानंतर. सोल्यूशन तेव्हाच नीट धरतं. पावसाळ्यात नमुने काढायचे, पट्टे कापायचे, मेण लावलेल्या दोऱ्याने हाताची शिवण घालायची. पर्यटक कमी असतात, मागणीची घाई नसते. सावकाश घातलेली ती शिवण पुढे दिवाळीच्या गर्दीत विकली जाते, आणि सहसा दुरुस्तीला परत येत नाही.