खारपाणातलं जाकीट

अकोल्याला आमच्या जठारपेठेतल्या घरी, मागच्या खोलीच्या दांडीवर, एक जाकीट लटकलेलं असतं. शेजारच्या शर्टांशी, शालींशी त्याचं काही देणंघेणं नाही. रंग काळा, शिवणीला करडी पट्टी, डाव्या खांद्यावरून लोंबणारी वळ्यावळ्यांची नळी आणि नळीच्या टोकाला दोन बटणं. ते कायम अर्धं फुगलेलं असतं. पूर्ण रिकामं करून ठेवलं तर आतल्या पिशवीच्या भिंती एकमेकींना चिकटतात, म्हणून त्याला थोडी हवा पोटात ठेवूनच झोपावं लागतं. घरी येणाऱ्याची नजर आधी त्याच्यावर जाते. दूधवाले काका एकदा म्हणाले, "हे काय होय बापा? बुलेटप्रूफ?"

कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक आहे, बॉयन्सी कंट्रोल डिव्हाइस. मालवणच्या स्कुबाच्या बोटीवर पोरं त्याला बीसीडी म्हणतात, आमच्या घरात ते जाकीट. काम एकच. पाण्याखाली माणसानं ना बुडावं ना तरंगावं, मधल्यामध्ये निवांत राहावं, याची व्यवस्था बघायची. एक बटण दाबलं की पाठीवरच्या सिलिंडरमधली हवा पोटात घ्यायची, दुसरं दाबलं की सोडून द्यायची. अती झालं तर त्याच्या झडपा आपण होऊन ढेकर देतात.

त्याचं खानदान आमच्याकडचंच आहे, असं मी पाहुण्यांना सांगतो. वऱ्हाडातल्या विहिरींत जुनी माणसं पोहायला शिकली ती कमरेला सुका भोपळा, नाही तर पाठीला रिकामा डबा बांधून. कुणी पांगाऱ्याचा हलका ओंडका धरून. भोपळ्याचा दोष एवढाच, की तो ऐकत नाही. त्याला फक्त वर यायचं ठाऊक. अर्ध्यावर थांब म्हटलं तर थांबत नाही. थांबायला शिकलेला भोपळा म्हणजे हे जाकीट. शिकायला त्याला वेळही बराच लागला. कुस्तो आणि गान्याँ यांनी पाण्याखालच्या श्वासाचं यंत्र 1943 मध्ये बनवलं, पण फ्रान्सच्या मॉरिस फेंझी यांची गळ्यात अडकवायची फुगवणी आली ती 1961 मध्ये, आणि हात घालून अंगावर चढवायचं जाकीट स्कुबाप्रो कंपनीनं काढलं 1971 मध्ये. मधली सगळी वर्षं पाणबुडे कमरेला शिसं बांधून आणि फुप्फुसं सांभाळून भागवत होते.

स्वभावानं ते अत्यंत दबणारं आहे. 10 मीटर खाली गेलं की पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि त्याच्या पोटातली हवा निम्म्या जागेत मावते. म्हणजे जितकं खोल जाल तितकं ते गप्प गप्प होत जातं, आणि तुम्ही आणखी खाली घसरता. मग बटण जरासं दाबून त्याला धीर द्यावा लागतो. वर येताना मात्र हेच जाकीट उधळतं. तीच हवा पसरायला लागते, ते फुगतं, तुम्हाला ओढतं, ओढलं की आणखी फुगतं. सगळ्यात जास्त अंगात येतं ते शेवटच्या 10 मीटरांत. त्या वेळी नळी डोक्यावर धरून हवा सोडत सोडत यायचं असतं. सोडली नाही आणि माणूस बुचासारखा वर आला, तर फुप्फुसावर बेततं. इतक्या गरीब दिसणाऱ्या वस्तूचा हा एवढा एक राग ध्यानात ठेवायचा.

आता त्याच्या वजनाबद्दल, कारण ते घरात आलं ते वजनावरूनच. नेहमीचं जाकीट कोरडं असताना साडेतीन-चार किलो भरतं. प्रवासी जाकीट दोन-अडीच किलोंत बसतं. हा दीड किलो जातो कुठे, हे दुकानदार खुबीनं सांगत नाही. पाठीचा कडक प्लास्टिकचा पाट जातो, त्यामुळे सिलिंडर पाठीवर जरा डुलतो. धातूच्या कड्या जाऊन प्लास्टिकच्या येतात. कापड पातळ होतं, खिसे लहान होतात, खांद्याखालची गादी जाते. उचलही, म्हणजे पाण्यात वर उचलून धरायची ताकद, कमी होते, साधारण 12 ते 15 किलोंवर येते. पण आपल्या उबदार समुद्रात, 3 मिलिमीटरच्या पातळ सूटमध्ये, तेवढी उचल भरपूर झाली. थंड पाण्यात जाड सूट घालणाऱ्यांचा हिशेब वेगळा. त्यांच्यासाठी लिहिलेला सल्ला वाचून आपण मोठ्या पोटाचं जाकीट घेणं म्हणजे अकोल्यात घालायला काश्मिरी फिरन विकत घेणं.

गादी जाते त्याचं तर मला वाईटही वाटत नाही. जाड गादीचं जाकीट पाण्यात स्वतःच तरंगू बघतं आणि त्याला खाली ठेवायला वरून शिसं लागतं. पातळ जाकीट तेवढं कमी शिसं मागतं. शिसं घरून न्यायचंच नसतं, ते पाण्याजवळ मिळतं. मालवण असो, मुरुडेश्वरहून जायचं नेत्राणी असो की अंदमान, सिलिंडर आणि शिसं तिथल्या केंद्राचं. सिलिंडर बहुधा 11 लिटरचा, अ‍ॅल्युमिनियमचा. भरलेला असताना त्यात अडीच किलोंच्या आसपास हवा असते आणि ती जशी तुमच्या पोटात जाते तसा तो हलका होत शेवटी स्वतःच तरंगायला बघतो. शिशाचा हिशेब या रिकाम्या सिलिंडरवर करायचा, भरलेल्यावर नाही.

पण वजनाची ही एवढी हौस वऱ्हाडातल्या माणसाला खरंच हवी का? हा प्रश्न मी जाकिटासमोर उघड विचारतो, ते काही बोलत नाही. आम्ही मालवणला जातो ते नागपूर–मडगाव गाडीनं. बडनेऱ्याचे मित्र बडनेऱ्याला चढतात, आम्ही अकोल्याला, आणि सगळे मिळून कुडाळला उतरतो. रेल्वे स्लीपरच्या तिकिटावर 40 किलो सामान फुकट नेऊ देते. 40 किलोंत चार किलोंचं जाकीट, दोन दिवसांच्या पोळ्या, शेंगदाण्याची चटणी आणि आईनं बळंच दिलेली सांडग्यांची पिशवी, सगळं मावतं. दीड किलो वाचवायला जास्तीचे हजारो रुपये मोजावेत असं त्या प्रवासात काही नाही.

खेळ बदलतो तो विमानात. अंदमानला जायचं तर नागपूर गाठून चेन्नई, कोलकात्यासारख्या शहरामार्गे जावं लागतं. अमरावतीला बेलोऱ्याचं विमानतळ एप्रिल 2025 मध्ये सुरू झालं ते मुंबईच्या फेरीनं. आमच्या अकोल्यातल्या शिवणीच्या धावपट्टीची तर आम्ही अजून वाटच बघतोय. देशातल्या बहुतेक कंपन्या साध्या तिकिटावर 15 किलो सामान आणि हातात 7 किलो एवढंच घेऊ देतात. त्या 15 किलोंत पायात घालायचे फिन दीड-दोन किलो, श्वासाचं यंत्र नळ्यांसकट सव्वा-दीड, सूट दीड, मास्क, टॉर्च, आणि माणसाचे कपडे. इथे दीड किलोला भाव येतो. श्वासाचं यंत्र तर हातातल्या पिशवीतच ठेवावं. जाकीट खालच्या सामानात, सगळी हवा काढून, गुंडाळी करून, फिनच्या मध्ये. खाली गेलेली पिशवी चुकून दुसऱ्या गावी पोचली तर जाकीट कुठेही भाड्यानं मिळतं, आपल्या दातांना सवय झालेलं यंत्र मिळत नाही.

या जाकिटाचा खरा संसार मात्र प्रवासात नाही, परत आल्यावर सुरू होतो. समुद्राचं पाणी त्याच्या फक्त अंगाला लागत नाही, नळीतून पोटातही जातं. तिथे वाळलं की मीठ धरतं, मिठाचे खडे पिशवीला आतून कुरतडतात आणि बटण चिकटवतात. चिकटलेलं बटण ही साधी गोष्ट नाही. पाण्याखाली ते दाबलेलंच राहिलं तर जाकीट फुगत जातं आणि वर लिहिलेला तो राग मग आवरत नाही. म्हणून आल्या आल्या त्याला गोड्या पाण्यात बुडवायचं, नळीतून आत पाणी भरून खळखळवायचं, उलटं धरून सांडायचं, आणि हे दोनदा.

गोडं पाणी! पूर्णेच्या खोऱ्यातल्या, अमरावती, अकोला आणि बुलडाणा जिल्ह्यांत पसरलेल्या खारपाणपट्ट्यात हे दोन शब्द कुणी सहज उच्चारत नाही. आमच्या गावाकडच्या बोअरचं पाणी चहा फाडतं, साबणाला फेस येऊ देत नाही, बादलीला पांढरा थर चढवतं. त्या पाण्यानं जाकीट धुतलं की समुद्राचं मीठ जातं आणि गावचं राहतं. म्हणून ते गावी न्यायचं नाही, शहरात नळाच्या पाण्यानं धुवायचं. आणि नळाचं पाणी म्हणजे महानच्या काटेपूर्णा धरणातलं, रोज न येणारं, घरात साठवून ठेवलेलं. त्यातल्या दोन बादल्या जाकिटाच्या नावावर निघाल्या की आईचा पट्टा सुरू होतो.

"मानसाले प्यायले पानी नाही, अन् हे जाकीट आंघोय करते! पान्यातूनच आलं ना थे? मंग पुन्हा पान्यात काहाले बुडवता?"

उत्तर नाही. दोन बादल्यांनंतरचं पाणी तुळशीला घालू नये, एवढंच मी सुचवतो. ती ते संडासात ओतते.

वाळवायचं सावलीत. मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 च्या पुढे जातो, गच्चीवर तर विचारायलाच नको. पापड वाळवायला ती जागा उत्तम, जाकिटाला नाही. उन्हानं कापडाचा रंग उडतो आणि आतला पातळ थर कडक होऊन शिवणीपाशी सुटायला लागतो. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवर राहणारं जाकीट पाण्यानं कमी आणि वऱ्हाडच्या उन्हानं जास्त झिजतं.

आमच्याकडे पाण्याखाली जाणारे दुसरेही आहेत, आणि त्यांच्यापुढे या जाकिटानं मान खालीच घालावी. बार्शीटाकळी तालुक्यातल्या पिंजरचं संत गाडगेबाबा आपत्कालीन शोध व बचाव पथक नद्या-धरणांत बुडालेल्यांचा शोध घेतं. 14 सप्टेंबर 2021 ला अमरावती जिल्ह्यात झुंजजवळ वर्धा नदीत नाव उलटून 11 माणसं गेली, तेव्हा किती दिवस लोक काठावर बसून होते ते आम्ही वाचलं आहे. अशा पाण्यात हात पुढे केला तर दिसत नाही, तळाला बाभळीचे काटे, तारा, गाळ. तिथे पातळ कापडाचं, प्लास्टिकच्या कड्यांचं प्रवासी जाकीट नेणं शहाणपणाचं नाही. जाड कापड हवं, धातूच्या कड्या हव्यात, वजन कितीही होवो. ग्रॅम मोजणं ही मासे बघायला जाणाऱ्यांची चैन आहे.

ही चैन स्वस्तात करायची असेल तर जाकीट जुनं घ्यायला हरकत नाही. त्याची परीक्षा घरच्या घरी होते. झडपेनं ढेकर देईपर्यंत तोंडानं फुगवा, रात्रभर तसंच ठेवा, सकाळी मऊ पडलं असेल तर सोडून द्या. बादलीत दाबून बुडबुडे बघा. दोन्ही बटणं दाबून सोडा, लगेच परत यायला हवीत. नळीतून थोडं पाणी घालून हलवून बाहेर काढा, खारट लागलं तर आधीच्या मालकानं धुतलेलं नाही. अंगावर चढवून पूर्ण फुगवा. बरगड्या आवळल्या गेल्या किंवा जाकीट कानांपर्यंत वर सरकलं, तर माप तुमचं नाही. जुन्या श्वासयंत्राची अशी परीक्षा घरी होत नाही, ते उघडून दुरुस्त करणाराच सांगू शकतो, आणि तो अकोल्यात नाही. सिलिंडर बांधायचा पट्टा पाण्यात भिजवून मगच आवळा, कोरडा आवळला तर पाण्यात सैल पडतो.

मालवणला किल्ल्याजवळ आयुष्यात एकदा बुडी मारून यायचं असेल तर यातलं काहीच लागत नाही. सगळं सामान तिथलंच असतं आणि धरायला माणूसही. पावसाळ्यात ते बंद असतं एवढं बघून जा. तारकर्लीला पर्यटन महामंडळाची प्रशिक्षण संस्था आहे, रीतसर शिकायचं तर तिथे जाऊन दोन-चार प्रकारची जाकिटं आधी अंगावर घालून बघा. वर्षातून आठवडाभरच पाण्यात जाणाऱ्यानं जाकीट भाड्यानं घ्यावं, पैसे आधी आपल्या चेहऱ्याला नीट बसणाऱ्या मास्कवर घालावेत, उरले तर श्वासयंत्रावर. जाकिटाचा नंबर त्यानंतरचा. आणि घेतलंच, तर नळ कोणत्या दिवशी येतो ते विचारून परतीचं तिकीट काढा.