गाडीतला रियाज

६ जानेवारी
डोंबिवलीहून सकाळची फास्ट. सॅक पोटाशी, दोन्ही हात तिच्यावर चेपलेले. मांडीवर बोटं टेकवायलाही जागा नाही. ठाण्यापर्यंत मनातच तबल्यावर 'तिट' वाजवत राहिलो. पढंत, म्हणजे बोल तोंडाने म्हणणं, वेगळी, ती जिभेची. इथे आधी मधलं बोट शाईवर पडतंय, मग तर्जनी, हे आतून जाणवायला हवं. मला बहुतेक वेळा समोर बसलेल्या गुरुजींचा हातच दिसतो. म्हणजे मी श्रोता झालो, वादक नाही.

९ जानेवारी
अल्वारो पास्क्वाल-लिओने यांचा १९९५ चा प्रयोग वाचला. पियानो न येणाऱ्यांना पाच बोटांची एक सुरावट दिली, रोज दोन तास, पाच दिवस. काहींनी ती वाजवली. काही पियानोसमोर बसून नुसती कल्पना करत राहिले, बोट न हलवता. डोक्यावर बाहेरून चुंबकीय स्पंद देऊन मेंदू तपासला, तर बोटांचा ताबा असलेला भाग दोन्ही गटांत सारखाच विस्तारलेला! हात मात्र सारखे नव्हते. कल्पनेवाले पाचव्या दिवशी वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकेच पोचले होते. मग दोन तास प्रत्यक्ष वाजवायला मिळाले आणि त्यांनी बाकीचं अंतर भरून काढलं. हे शेवटचं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. 'नुसत्या विचाराने सगळं जमतं' म्हणणारे नेमकं तेवढंच गाळतात.

१० जानेवारी
ऑफिसात उशीर. उभ्याने झोपलो.

१३ जानेवारी
चालण्याची कल्पना करायला साधारण प्रत्यक्ष चालण्याइतकाच वेळ लागतो, असं फ्रेंच संशोधकांनी १९८९ मध्ये दाखवलं होतं. म्हणून रात्री घड्याळ लावून बसलो. तबल्याच्या कायद्याची बरोबरी, म्हणजे मूळ लय, मनात आणि हातात जवळपास सारखी उतरली. दुप्पट लयीत, दुगुनीत, 'तिरकिट' आलं की मन सुसाट, हात मागे. मनात मी ती अक्षरं वाजवत नाही, त्यांच्यावरून उडी मारतो.

१८ जानेवारी
गुरुजींना सांगितलं. हसले. "अहो, मनातला तबला कधी बेसूर होतो का? इथे वाजवा." वाजवलं. तिटची बोटं पूर्वीपेक्षा स्वच्छ पडली, हे त्यांनीही मानलं. डाव्या हाताच्या बायाचं मात्र काहीच झालेलं नाही. मनगट किती दाबल्यावर घुमारा कुठे वळतो, हे कातड्याने परत सांगावं लागतं. गाडीत कोण सांगणार? क्रम आणि लय मनात पक्की होते, नाद नाही, असं आता माझं मत झालंय. गुरुजींनी महिनाभर घरी फक्त बाया दिलाय. गाडीत तिरकिट, तेही बरोबरीत, दुगुनीला बंदी.