निळी जीभ

गोवा १९६१ साली मुक्त झाला. त्यानंतरच्या दशकात आम्ही पेडण्यातील मराठी प्राथमिक शाळेत शिकत होतो. शाईची पूड पाण्यात कालवून दौत भरणे हे मुलांचेच काम. एके दिवशी आमच्या धाकट्या भावाने ती दौत तोंडाला लावली. निळे ओठ पाहताच घरात एकच आकांत उडाला. कोणी त्याच्या घशात बोटे घातली, कोणी पेलाभर मिठाचे पाणी पाजले. डिचोलीहून आलेली आमची आजी तेवढी शांतपणे म्हणाली, "आधी दौत किती रिकामी झाली ते पाहा."

दौत जवळजवळ भरलेलीच होती. जिभेचा निळा रंग दोन दिवसांत गेला. मिठाच्या पाण्याने मात्र पोर रात्रभर ओकत राहिले.

आजीचा प्रश्न किती शहाणपणाचा होता, हे आम्हांस पुढे उमगले. लेखणीची शाई म्हणजे बहुतांशी पाणी आणि किंचित रंग. एखादा घोट पोटात गेला, तर बहुधा तोंड व शौच रंगण्यापलीकडे काही होत नाही. उलट मिठाच्या पाण्याने रक्तातील क्षार वाढून लहान मुलाच्या जिवावर बेतू शकते आणि ओकारी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. म्हणून ओकारी काढू नये. ओल्या फडक्याने तोंड पुसावे, चूळ भरवावी, घोटभर पाणी द्यावे. लेखणीचे टोपण जागेवर आहे ना, तेही पाहावे. ते घशात अडकणे शाईहून घातक.

मात्र साऱ्याच शाया सारख्या नव्हेत. कपड्यांवर खुणा करण्याचा बिब्ब्याचा रस तोंड भाजतो. जुन्या काळ्या शाईतील हिराकस आणि मतदानाच्या शाईतील सिल्व्हर नायट्रेट हेही अपायकारक. अशी शाई असेल, शाई बरीच प्यायली असेल, मूल पेंगत वा वारंवार ओकत असेल, तर बाटली बरोबर घेऊन तत्काळ दवाखाना गाठावा. श्वास अडत असेल, तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. दिल्लीच्या एम्समधील राष्ट्रीय विष माहिती केंद्रही १८०० ११६ ११७ या क्रमांकावर सल्ला देते.

ते मिठाचे पाणी आईनेच कालवले होते. मायेपोटी केलेल्या त्या उपायाची रुखरुख तिला अखेरपर्यंत राहिली. तशी ती दुसऱ्या कोणा आईस लागू नये, एवढ्याचसाठी हे लिहिले.